कंपनीचा टेप आणि खिशातली गाणी

नांदेडहून निघालेली गाडी अर्धापूर, डोंगरकडा मागे टाकून वारंगा फाट्यावर येते. अकोला-वाशिम-हिंगोलीकडून नांदेडमार्गे तेलंगणात उतरणारा १६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग आणि तुळजापूर-लातूर-नांदेडवरून यवतमाळ-वर्ध्याकडे जाणारा ३६१ क्रमांकाचा, असे दोन्ही इथे एकत्र येतात आणि इथूनच वेगळे होतात. कोणी औंढ्याला निघालेला असतो, कोणी माहूरला, कोणी नांदेडच्या गुरुद्वाऱ्याला. इथल्या खिचडीसाठी बहुतेक सगळे उतरतात. तेवढ्या वेळात उभ्या गाड्यांच्या खिडक्यांतून डॅशबोर्डवर नजर टाकली, तर वाहनातल्या संगीताचा तीस-चाळीस वर्षांचा इतिहास एका रांगेत दिसतो. जुन्या जीपमध्ये कॅसेटचा टेप, त्यानंतरच्या इंडिकामध्ये सीडीचा डेक, बोलेरोत पेनड्राइव्हचा, नव्या गाडीत टचस्क्रीन. गाडीवाल्यांच्या तोंडी मात्र सगळ्यांना एकच नाव, ‘टेप’.

अडचणही सगळ्यांची एकच. गाणी असतात खिशात, म्हणजे मोबाइलमध्ये, जुन्या आयपॉडमध्ये, मेमरी कार्डवर वाजणाऱ्या छोट्या प्लेयरमध्ये. आणि कंपनीने बसवून दिलेल्या टेपला ती ऐकूच येत नाहीत. अशा वेळी बाजारातला पहिला सल्ला ठरलेला असतो: हा काढून टाका, नवा बसवा. तो सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो. कंपनीचा टेप डॅशबोर्डच्या मापाने घडवलेला असतो, स्पीकरशी त्याचं जमलेलं असतं, आणि त्यात गाणं बाहेरून आत घ्यायची एखादी तरी वाट असतेच. ती शोधण्यासाठी आधी टेपच्या पोटात काय चालतं ते पाहू.

कोणताही टेप उघडला तरी आत कामाचे तीन टप्पे सापडतात. पहिल्या टप्प्यात आवाज जन्मतो: रेडिओचा ट्यूनर, कॅसेटचं हेड, सीडीची लेन्स, यूएसबीचं सर्किट. त्यांच्यातून एकाची निवड करणारा स्विच म्हणजे दुसरा टप्पा. पुढच्या ‘मोड’ किंवा ‘सोर्स’ बटणाने आपण हाच फिरवत असतो. निवडलेला क्षीण आवाज व्हॉल्यूम, बास, ट्रेबल यांतून जाऊन शेवटी पॉवर अॅम्प्लिफायरमध्ये मोठा होतो आणि स्पीकरला मिळतो, हा तिसरा टप्पा. बाहेरचं गाणं घुसवायचं असेल तर ते दुसऱ्या टप्प्याच्या आधीच घुसवावं लागतं. ऑक्सची पिन असो, कॅसेट अॅडॉप्टर असो की एफएम मॉड्युलेटर, सगळ्या युक्त्या एवढंच करतात. कोणी मूळ स्रोताच्या जागी जाऊन बसतो, कोणी स्रोताला फसवतो.

फसवण्याची सर्वात देखणी युक्ती कॅसेट अॅडॉप्टरची. फिलिप्सने १९६३ मध्ये कॉम्पॅक्ट कॅसेट आणली, १९७९ मध्ये सोनीचा वॉकमन आला, आणि ऐंशीच्या दशकात सीडी आली तेव्हा गाड्यांमधून कॅसेटचे टेप बसलेले होते. हातातला सीडी प्लेयर त्या टेपवर वाजावा म्हणून लॅरी शॉट्झ या अमेरिकी अभियंत्याने त्याच दशकात कॅसेटच्या आकाराचा अॅडॉप्टर तयार केला. त्यात फीत नसते. फितीच्या जागी एक चिमुकलं हेड असतं आणि त्यातून एक वायर बाहेर येते. वायरचं दुसरं टोक प्लेयरच्या हेडफोनच्या भोकात.

खऱ्या कॅसेटमध्ये फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या वेगाने टेपच्या हेडसमोरून सरकते, तिच्यावरचं चुंबकत्व जागोजागी कमी-जास्त असतं आणि त्या बदलामुळे हेडच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. अॅडॉप्टरचं हेड टेपच्या हेडला थेट टेकतं. प्लेयरकडून आलेल्या विजेने त्याच्यात तसंच कमी-जास्त होणारं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. टेपच्या हेडला क्षेत्र बदलतंय एवढंच कळतं. समोर फीत सरकते आहे की दुसरं हेड बसलं आहे, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं.

मग अॅडॉप्टर टाकल्यावर खडखड कसली ऐकू येते? त्याच्या आतल्या दातेरी चाकांची. फीत संपली की चाक फिरायचं थांबतं आणि ते ओळखून टेप कॅसेट बाहेर ढकलतो किंवा बाजू पालटतो. अॅडॉप्टरमध्ये फीत नसल्याने दुसरं चाक फिरलंच नाही तर टेप दर दोन सेकंदांनी कॅसेट बाहेर फेकेल. म्हणून दोन्ही चाकं दात्यांनी एकमेकांना जोडलेली असतात. स्वस्त अॅडॉप्टरमध्ये हेच दाते कोरडे पडून कुरकुरतात. आवाज अजिबात येत नसेल तर बहुधा टेप उलट्या बाजूला वाचतो आहे. बाजू पालटायचं बटण एकदा दाबून पाहावं. ‘डॉल्बी’चं बटण असेल तर ते बंद ठेवावं, कारण डॉल्बी हा फितीवरची सरसर कमी करण्याचा उपाय आहे आणि इथे फीतच नाही, तो चालू राहिला तर झांजांची, टाळांची धार उगाच बोथट होते. आणि टेपचं हेड वर्षानुवर्षांच्या कॅसेटींच्या तपकिरी भुकटीने माखलेलं असेल, तर कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन ते आधी पुसावं. गायक प्रल्हाद शिंद्यांच्या कॅसेटी झिजेपर्यंत वाजवलेल्या जीपमध्ये तर नक्कीच.

दुसरी युक्ती रेडिओला फसवण्याची. लायटरच्या सॉकेटमध्ये खोचायचा एफएम मॉड्युलेटर प्रत्येक मोबाइलच्या दुकानात टांगलेला दिसतो. हे एक पिटुकलं रेडिओ केंद्रच असतं. मोबाइलकडून वायरने, ब्लूटूथने किंवा पेनड्राइव्हवरून गाणं घ्यायचं आणि ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपण ठरवलेल्या ठिकाणी ते प्रसारित करायचं. पल्ला काही मीटरचा. गाडीच्या रेडिओवर तोच आकडा लावला की गाणं सुरू.

पुण्या-मुंबईचे जाणकार या वस्तूला नाकं मुरडतात. त्यांच्या गावात ते बरोबरही आहे. तिथे खासगी आणि सरकारी केंद्रांनी पट्टा इतका भरलेला असतो की आपल्या मिणमिणत्या केंद्राला मोकळी जागा मिळत नाही, मिळाली तरी शेजारच्या जोरदार केंद्राचा आवाज आत झिरपतो. पण हा निष्कर्ष उचलून वारंग्यात लावणं ही शहरी सवय झाली. इथे नांदेड आकाशवाणीचं एफएम केंद्र १०१.१ वर आहे, परभणी आकाशवाणी तर एफएमवर नव्हे, मध्यम लहरींवर १३०५ किलोहर्ट्झवर लागते. फाट्यापासून कळमनुरी किंवा हदगावच्या दिशेने निघालं की एफएमच्या पट्ट्यात मोकळी जागाच जागा. पुण्यात ज्या साडेतीन-चारशे रुपयांच्या मॉड्युलेटरने डोकं उठतं, तोच इथे स्वच्छ वाजतो. वस्तू तीच, आकाश वेगळं.

त्यामागे एफएमचा एक स्वभाव आहे. एकाच आकड्यावर दोन केंद्रं आली तर एफएमचा रेडिओ दोघांची खिचडी करत नाही. ज्याचा जोर जास्त त्याला धरतो आणि दुसऱ्याला जवळजवळ पुसून टाकतो. मॉड्युलेटर हाताच्या अंतरावर असल्यामुळे दूरच्या दुबळ्या केंद्रावर तो सहज मात करतो. अडचण होते ती गाडी एखाद्या शहराजवळ येऊ लागली की. नांदेड जवळ आल्यावर मधूनच निवेदिकेचा आवाज घुसायला लागला, तर समजावं की आपण निवडलेली जागा आता मोकळी राहिली नाही. १०१.१ पासून चांगलं दूर, पट्ट्याच्या खालच्या टोकाला ८८ च्या आसपास जागा शोधावी. ती शोधताना मॉड्युलेटर बंद ठेवायचा, रेडिओ हळूहळू फिरवायचा आणि जिथे नुसती सारखी सरसर ऐकू येईल, कुजबुजही नसेल, तो आकडा घ्यायचा. हॉटेलसमोर दोन गाड्या चिकटून उभ्या असतील आणि दोघांचाही आकडा एकच असेल, तर शेजाऱ्याचं गाणं आपल्या टेपवर लागू शकतं. त्याला भूत समजायचं कारण नाही.

मर्यादा तरीही राहतेच. एफएमवरून सुमारे १५ किलोहर्ट्झपर्यंतचाच आवाज जातो, स्वस्त मॉड्युलेटरमध्ये तर तेवढाही नीट नाही. मोबाइलचा आवाज पूर्ण वाढवला तर मॉड्युलेटर गुदमरतो आणि गाणं फाटतं. तीन-चतुर्थांश ठेवावा, उरलेलं काम टेपवर सोपवावं.

आता सरळ वाट. टेपच्या तोंडावर, हँडब्रेकजवळ किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये साडेतीन मिलिमीटरचं गोल भोक असेल आणि त्याच्याजवळ ‘ऑक्स’ लिहिलेलं असेल, तर वरचं सगळं विसरून जावं. कंपनीने दुसऱ्या टप्प्याचा स्विच थेट बाहेर आणून ठेवला आहे. कित्येक मालकांना वर्षानुवर्षं हे भोक असल्याचं माहीत नसतं, कारण काही टेप पिन खोचल्याशिवाय ‘ऑक्स’ हा पर्याय दाखवतच नाहीत. गाडीसोबत आलेलं पुस्तक एकदा चाळावं. बहुधा ते अजून प्लास्टिकच्या पिशवीतच असतं.

पिनकडे जवळून पाहा. तिच्यावर काळे वेढे असतात आणि त्यांनी धातूचे तुकडे वेगळे केलेले असतात. टोक डाव्या स्पीकरचं, मधला तुकडा उजव्याचा, बुडखा दोघांचा सामाईक अर्थ. चार तुकड्यांची पिन असेल तर तिच्यात माइकची सोय असते. पिन अर्धवट बसली किंवा बुडख्याचा स्पर्श सुटला की एक गंमत होते: गायक गायब होतो आणि मागची वाद्यं तेवढी पोकळ आवाजात वाजत राहतात. सामाईक अर्थ तुटल्यावर डाव्या-उजव्या आवाजातला फरकच तेवढा स्पीकरपर्यंत पोचतो. गाण्याच्या ध्वनिमुद्रणात गायकाचा आवाज दोन्हीकडे सारखा ठेवलेला असतो, म्हणून तो वजा होतो. बाजूला विखुरलेली वाद्यं शिल्लक राहतात. असा आवाज आला की टेप बिघडला म्हणून फाट्यावरच्या वायरमनकडे धावू नये. पिन दाबून बसवावी, नाहीतर पन्नास-शंभर रुपयांची केबल बदलावी.

मोबाइलला हे भोकच नसेल तर? २०१६ मध्ये आयफोन सातने ते काढून टाकलं आणि हळूहळू बाकीच्यांनीही. मग टाइप-सीचा छोटा जोडतुकडा घ्यावा लागतो, आणि इथे बरेच लोक फसतात. दुकानात सारख्या दिसणाऱ्या दोन जाती असतात. एकीत फक्त वायरी असतात. ती ज्या मोबाइलमधून तयार आवाज बाहेर पडतो त्याच्यावरच चालते. दुसरीत आकड्यांचं गाणं विजेच्या लहरींत बदलणारी चिप असते. ती जवळपास सगळीकडे चालते. दुकानातच लावून, ऐकून घ्यावी.

ऑक्स लावली, गाणं सुरू झालं, मोबाइल चार्जिंगला लावला आणि एकदम ‘कुंईंई’ असा आवाज यायला लागला, अॅक्सिलरेटर दाबला की तोही चढतो. ही तक्रार इतकी सार्वत्रिक आहे की तिचं कारण सांगायलाच हवं. गाडीचा संपूर्ण पत्रा म्हणजे विजेची मायनस वायर. चार्जर लायटरच्या सॉकेटमधून एका ठिकाणी पत्र्याला जोडलेला, टेप दुसऱ्या ठिकाणी. दोन्ही ठिकाणांचा विद्युतदाब किंचित वेगळा असतो. ऑक्सच्या केबलने मोबाइल आणि टेप जोडले की एक बंद वेढा तयार होतो आणि त्यातून अल्टरनेटरची कुरकुर गाण्याच्या वाटेने वाहू लागते. इंजिन वेगात फिरलं की अल्टरनेटरही वेगात, म्हणून स्वर चढतो. खात्री करायची असेल तर चार्जर उपटा. आवाज गेला तर निदान पक्कं. उपाय दोन: मोबाइल पॉवर बँकेवर चार्ज करा किंवा ऑक्सच्या केबलमध्ये ‘ग्राउंड लूप आयसोलेटर’ नावाची डबी घाला. डबीत दोन इवले ट्रान्सफॉर्मर असतात; ते आवाज पलीकडे देतात, पण वायरीला वायर जोडू देत नाहीत.

यूएसबी आणि ब्लूटूथबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, कारण तिथे बहुतेक काम टेप स्वतःच करतो. पेनड्राइव्ह टेपने वाचला नाही तर दोष बहुधा फॉरमॅटचा असतो: जुन्या टेपला ‘फॅट ३२’ लागतं, एनटीएफएस कळत नाही. गाणी मनासारख्या क्रमाने वाजत नसतील तर नावापुढे ०१, ०२ असे आकडे घालून ती त्याच क्रमाने भरावीत. पुष्कळ टेप अक्षरांचा नव्हे, तर पेनड्राइव्हवर उतरल्याचा क्रम पाळतात. देवनागरीतली नावं जुन्या पडद्यावर चौकोन होऊन दिसतात, गाणं मात्र वाजतं. मेमरी कार्डात ‘गाणी भरून मिळतील’ अशा पाट्या लावलेल्या दुकानांनी मराठवाड्यात एक काळ गाजवला. तिथून आणलेल्या कार्डात एकच गाणं पाच-पाच वेळा असायचं.

ब्लूटूथची गोम वेगळी. काही गाड्यांच्या टेपवर ब्लूटूथचं चिन्ह असतं, मोबाइल जोडला जातो, फोन उचलता येतो, आणि गाणं काही वाजत नाही. कारण बोलण्यासाठी आणि गाण्यासाठी ब्लूटूथचे नियम वेगवेगळे आहेत. गाण्याचे नियम टेपमध्ये घातलेच नसतील तर कितीही वेळा ‘पेअर’ केलं तरी व्यर्थ. अशा गाडीत ऑक्स असेल तर तिच्यात खोचायचा छोटा ब्लूटूथ रिसीव्हर घ्यावा.

ऑक्स नाही, कॅसेट नाही, मॉड्युलेटर नको, असं सगळं झाल्यावरच टेप बाहेर ओढायचा. एका खणाच्या टेपचं तोंड जगभर १८० बाय ५० मिलिमीटर, दोन खणांच्याचं १८० बाय १००. त्यामुळे नवा बसतो, हे खरं. पण मागच्या वायरींना हात लावताना वायरमनच्या शेजारी उभं राहावं. बाजारात मिळणाऱ्या टेपच्या जोडणीत सहसा पिवळी वायर बॅटरीवरून कायम वीज आणते, लाल चावी फिरवल्यावर, काळी अर्थ. पिवळी आणि लाल उलटसुलट झाल्या की टेप वाजतो, पण चावी काढली की सगळी केंद्रं आणि घड्याळ विसरतो. दोन्ही कायमच्या विजेवर जोडल्या, तर काही दिवसांनी सकाळी गाडीच सुरू होत नाही. पांढरी, करडी, हिरवी, जांभळी या स्पीकरच्या जोड्या.

इथेच जुन्या हातांची एक सवय टेप मारते. पूर्वीच्या काही टेपांत स्पीकरची मायनस पत्र्याला दिली तरी चालायची. आजच्या अॅम्प्लिफायरमध्ये स्पीकरच्या दोन्ही टोकांवर बॅटरीच्या निम्म्याइतका विद्युतदाब असतो. त्यातलं एक टोक पत्र्याला लागलं की अॅम्प्लिफायरच्या चिपवर संकट येतं आणि दुरुस्तीचा खर्च नव्या टेपच्या निम्म्यावर जातो. म्हणून वायर कापून, पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळण्याऐवजी गाडीच्या मॉडेलचा तयार कपलर मागावा. शे-दोनशे रुपये जास्त जातात, पण कंपनीचं वायरिंग अखंड राहतं. बॅटरी काढली की कोड मागणारेही काही टेप आहेत. तो कोड हाताशी असल्याशिवाय बॅटरीची वायर सोडू देऊ नये.

खोक्यावर ‘५० वॅट गुणिले ४’ असं ठळक छापलेलं असतं, त्यावर भाळू नये. गाडी सुरू असताना वीज मिळते साधारण १४ व्होल्ट, स्पीकर असतो चार ओहमचा. एवढ्यावर सलग मिळणारी शक्ती दर स्पीकरला विसेक वॅटच्या आसपास अडते. कंपनीच्या टेपमध्येही तेवढीच असते.

वारंग्यातून जाणाऱ्या ट्रकवाल्यांसाठी वेगळी सूचना. पुष्कळ मोठ्या ट्रकांची वीज २४ व्होल्टची असते आणि गाडीतला टेप १२ व्होल्टचा. दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून टेप चालवण्याचा जुगाड सर्रास चालतो. मग ती एकच बॅटरी जास्त रिकामी होते, चार्जिंगचा तोल जातो आणि दोन्ही लवकर मरतात. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावावा. मॉड्युलेटर घेतानाही त्यावर ‘१२-२४ व्होल्ट’ छापलेलं आहे का, ते पाहून घ्यावं.

हे सगळं जमल्यावर उरतो तो गाडी चालवणारा हात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, चालवताना हातात धरून मोबाइल वापरणं धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं; पहिल्या गुन्ह्याला एक हजार ते पाच हजार रुपये दंड किंवा कैद होऊ शकते. गाण्यांची यादी निघण्याआधी लावून घ्या, आणि मधे बदलायचीच असेल तर ते काम शेजारी बसलेल्याला द्या.